लक्ष देत नाही, की देता येत नाही?

‘लक्ष कुठे आहे तुझे?’ हा प्रश्न आपण किती सहज विचारतो! हंटिंग्टनच्या आजारात मात्र तो अन्याय ठरतो. अमेरिकन डॉक्टर जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ साली वर्णिलेला हा मेंदूचा आनुवंशिक रोग. आईवडिलांपैकी एकाला असला, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा. हातपाय आपोआप हलू लागण्याआधीच अनेकांचे चित्त ढळते; दोन कामे एकदम सांभाळता येत नाहीत. लोक म्हणतात, आळशी झाला! लोकगायक वुडी गथ्री यांना तर १९५२ मध्ये खरे निदान होण्यापूर्वी दारुडे समजले गेले. मित्रहो, हा रोग समूळ बरा करणारे औषध आजही नाही. परंतु समजूतदारपणाला औषधाची वाट पाहावी लागत नाही. निदान आपण सुशिक्षितांनी तरी शिक्का मारण्यापूर्वी थोडे थांबावे.