ॲब्सिंथवरील खटला आणि साहित्याची साक्ष

ॲब्सिंथ हे दवण्याच्या नात्यातील एका कडू वनस्पतीपासून सिद्ध होणारे मद्य. १९०५ साली स्वित्झर्लंडमधील जाँ लाँफ्रे या मजुराने पत्नीचा व दोन मुलींचा खून केला. त्या दिवशी त्याने लिटरांच्या मापाने वाइन घेतली होती. ॲब्सिंथचे दोनच पेले. तरीही दोषी ठरले ॲब्सिंथ. सार्वमतानंतर १९१० पासून तेथे, १९१२ साली अमेरिकेत आणि १९१५ साली फ्रान्समध्ये त्यावर बंदी आली. ब्रिटनने मात्र ती कधीच घातली नाही.

बंदीमागे वाइन-उत्पादकांचा स्वार्थ होताच. परंतु देगाने चितारलेली, पेल्यासमोर खिन्न बसलेली स्त्री आणि व्हर्लेनची व्यसनाधीनता यांनी या मद्याला उन्मादाचे प्रतीक आधीच बनविले होते. कायद्याने शिक्षा दिली ती त्या प्रतीकाला.

स्वित्झर्लंडने २००५ साली बंदी उठविली. फ्रान्सने १९१५ चा कायदा २०११ साली रद्द केला. आता युरोपीय संघ त्यातील थुजोन या द्रव्यावर किलोमागे ३५ मिलिग्रॅमची मर्यादा घालतो. कायदा प्रतीकाकडून प्रमाणाकडे वळला. वाङ्मयीन प्रतिमेलाच सामाजिक पुरावा मानणाऱ्या समीक्षेनेही तसे वळणे अगत्याचे आहे.