शितावरून भाताची परीक्षा, पण शित कुठलं?



जुलै २०२२ मध्ये आपला बुऱ्हाणपूर देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. गावं २५४, घरं १,०१,९०५. ऑगस्ट २०१९ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा यांपैकी ३७,२४१ घरांतच नळ होता, म्हणजे साडेछत्तीस टक्के. हे आकडे मोजदादीचे. पण नळ बसला का हा एक प्रश्न आणि त्याला पुरेसं पाणी येतं का हा दुसरा. दुसऱ्यासाठी दरवेळी लाखभर दारं ठोठावता येत नाहीत. थोडी घरं निवडून विचारावं लागतं, आणि तिथेच गल्लत होते.

समजा, कुणी दहा घरी विचारलं आणि सातांनी 'येतं' म्हटलं. लगेच 'सत्तर टक्के!' असं ठोकून दिलं जातं. दहा घरांवरून एवढंच म्हणता येतं, की खरं प्रमाण साधारण चाळीस ते नव्वद टक्क्यांत कुठेतरी असावं. चारशेंपैकी २८० घरं 'हो' म्हणाली, तर हाच पट्टा ६५ ते ७५ इतका आवळतो. याला विश्वास-अंतराल म्हणतात. अशा शंभर पाहण्या केल्या, तर सुमारे ९५ वेळा पट्टा खऱ्या आकड्याला कवेत घेतो.

दावा तपासणंही असंच. कुणी म्हणालं, 'ऐंशी टक्के घरांत पाणी येतं.' ते खरं धरून चला. तरीही दहांत सात किंवा कमी घरं निघण्याची शक्यता जवळजवळ एक-तृतीयांश असते. म्हणजे दावा खोटा पडला नाही, पण खरा ठरला असंही नाही. चारशेंत मात्र ३२० अपेक्षित असताना २८० निघाली, तर काय? नशिबानं आठ-सोळा घरं इकडची तिकडे होतील, चाळीस नाही. तिथे दावा सोडावाच लागतो.

अट एकच, निवड चिठ्ठीनं व्हावी. सातारा जिल्ह्यात जन्मलेले पांडुरंग सुखात्मे यांनी देशातल्या पिकांचा अंदाज असाच, शेतं यदृच्छेनं निवडून बांधायची पद्धत घडवली. रविवारच्या मिस्सेनंतर भेटलेल्या चारशे जणांना विचारलं, तर तो चर्चला येणाऱ्यांचा कौल झाला, जिल्ह्याचा नव्हे. टाकीजवळच्या घरांबरोबर पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाची घरंही चिठ्ठीत हवीत.

आणखी एक. चारशे घरांवरून जिल्ह्याचं कळेल, एखाद्या फाल्याचं नाही. गावागणिक एक-दोनच घरं वाट्याला येतात. फाल्याची तक्रार असेल तर तिथलं घर न् घर मोजा. सरासरीच्या आड कोरडा हंडा लपू नये.

माझी सूचना साधी आहे. मे महिन्यात बारावीच्या मुलांना सोबत घेऊन अशी पाहणी करावी. आकडा सांगताना किती घरं, कशी निवडली, किती कमी-जास्त, हे तिन्ही सांगावं. आणि आपणही, बाबांनो, कोणताही टक्का ऐकला की हेच तीन प्रश्न विचारावेत.

— एक निवृत्त शिक्षक, बुऱ्हाणपूर