पाहुण्यांची शिर्डी, मोजणीतली शिर्डी

शिर्डीत आजही ग्रामसभा भरते. कायद्यात तिला आधार नाही. ग्रामसभा असते ती ग्रामपंचायतीच्या गावाला, आणि शिर्डीची ग्रामपंचायत केव्हाच इतिहासजमा झाली. तरीही जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा झाली, साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद पेटला, आणि १९ जानेवारीपासून गाव बंद ठेवायचे ठरले ते ग्रामस्थांच्या सभेत. नगरपंचायतीच्या सभागृहात नव्हे.

गाव शहर झाले, पण गावाचा शब्द शहराच्या संस्थेकडे गेला नाही. याचे मूळ शोधायला शंभर वर्षे मागे जावे लागते.

१५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, साईबाबांचे निर्वाण झाले तेव्हा शिर्डी हे कोपरगाव तालुक्यातील एक खेडे होते. पुढे १९२२ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार संस्थानचा कारभार सुरू झाला. म्हणजे येथे संस्थान आधी आले आणि नगर फार नंतर. पंढरपूरचा क्रम निराळा. तेथील नगरपालिका १८५५ ची. पटकीच्या साथींनी हैराण झालेल्या इंग्रज सरकारला वारीच्या गर्दीची स्वच्छता हा थेट प्रशासनाचा प्रश्न वाटला, आणि यात्रेकरूंकडून घेतलेला यात्राकर त्या नगरपालिकेच्या तिजोरीत जाऊ लागला. तो कर लोकप्रिय असणे शक्यच नव्हते. पण त्यामागचा हिशेब सरळ होता: गर्दीमुळे होणारा खर्च गर्दीच्याच पैशातून भागवायचा.

स्वतंत्र भारतातील कायदा हिशेब मांडतो तो रहिवाशांचा. महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ प्रमाणे नगरपंचायत ही साधारण १० ते २५ हजार लोकवस्तीसाठी असते. २५ हजारांच्या पुढे ‘क’ वर्गाची नगरपरिषद, ४० हजारांच्या पुढे ‘ब’ वर्ग, एक लाखाच्या वर ‘अ’ वर्ग. २०११ च्या जनगणनेत शिर्डीची लोकसंख्या ३६,००४ भरली. नगरपंचायतीची मर्यादा तेव्हाच ओलांडली होती, तरी नगरपरिषदेचा दर्जा मिळायला त्यानंतर सुमारे एक तप गेले. आणि मिळाला तो दर्जाही कायम राहणाऱ्या माणसांच्या मापाचा. ज्या गावात रोज हजारो माणसे उतरतात आणि रामनवमी, गुरुपौर्णिमा, पुण्यतिथीच्या दिवसांत तो आकडा लाखांच्या घरात जातो, त्याचे हे माप. पाणीयोजना, सफाई कामगार, वित्त आयोगाचा निधी, सगळ्यांचे गणित या मापापासून सुरू होते. गोदावरी उजव्या कालव्याचे आवर्तन लांबले की तहान मात्र पाहुण्यांसकट साऱ्या गावाला लागते.

येथे हमखास विचारले जाते: संस्थानकडे एवढा पैसा असताना नगरपरिषदेने हात का पसरावा? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. २००४ च्या स्वतंत्र अधिनियमाने संस्थानची व्यवस्थापन समिती नेमण्याचा अधिकार राज्य शासनाकडे आहे. शिर्डीचा मतदार नगरसेवक निवडतो, विश्वस्त निवडत नाही. त्या नेमणुकाही वारंवार न्यायालयात जातात. २०२१ मध्ये नेमलेली समिती मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केली आणि कारभार पुन्हा जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील तदर्थ समितीकडे गेला. भक्ताने पेटीत टाकलेला रुपया गटारासाठी वापरावा की नाही, याबाबत न्यायालयाने सावध असणे योग्यच आहे. दानपेटी ही स्थानिक राजकारणाची तिजोरी होऊ नये. पण २०१८ मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी याच संस्थानकडून ५०० कोटी रुपये बिनव्याजी देण्याचा निर्णय होतो, तेव्हा शिर्डीच्या गल्लीतील रहिवाशाला प्रश्न पडतो की आपल्या दारासमोरच्या कचऱ्याचा क्रमांक नेमका कितवा. त्याला दोष देता येणार नाही.

(शिर्डी विमानतळाचेही असेच. १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेला हा विमानतळ आहे काकडी या गावी. नाव शिर्डीचे, हद्द काकडी ग्रामपंचायतीची!)

या ओढाताणीत बोलायला निवडून आलेली माणसे तरी हवीत. ७४ व्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक केले. प्रत्यक्षात इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या वादात महाराष्ट्रातील नगरपालिकांवर प्रशासक बसले आणि शिर्डीही त्याला अपवाद राहिली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधील आदेशानंतर कुठे डिसेंबरमध्ये मतदान झाले. दरम्यान नगराध्यक्ष थेट निवडावा की नगरसेवकांमधून, याचा नियम २०१६, २०२० आणि २०२२ असा तीनदा फिरला. ज्या संस्थेच्या प्रमुखाची निवड दर सरकारागणिक बदलते, तिच्याऐवजी द्वारकामाईच्या परिसरात जमणाऱ्या ग्रामस्थांवर लोकांचा अधिक विश्वास बसला तर त्यात नवल कसले?

दानपेटीकडे बोट दाखवणे सोपे आहे; खरी जबाबदारी शासनाची आहे. तीर्थक्षेत्राच्या नगरपरिषदेचा वर्ग, आकृतिबंध आणि अनुदान ठरवताना रहिवाशांसोबत रोजच्या मुक्कामी माणसांचीही गणना व्हावी, आणि संस्थानने नागरी सेवांसाठी द्यायचा वाटा दरवेळच्या परवानगीवर न ठेवता अधिनियमातच निश्चित व्हावा. तसा बदल करणे विधिमंडळाच्या अधिकारातले आहे.

पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. त्या रात्री शिर्डीच्या भक्तनिवासांत निजलेली माणसे आपापल्या गावच्या यादीत मोजली जातील. सकाळी त्यांनी वापरलेले पाणी आणि मागे टाकलेला कचरा मात्र शिर्डीच्या खात्यावर जमा होईल.