नव्वद हप्त्यांची ट्राम

बेल्जियमचे नाव व्यापारी घरांत निघते ते बहुधा अँटवर्पच्या हिरेबाजारामुळे. परंतु त्याच अँटवर्पच्या दक्षिणेस सुमारे शंभर किलोमीटरवर शार्लेरुआ नावाचे आणखी एक शहर आहे. त्याच्या वाट्याला हिरा आला नाही, कोळसा आला. दोन्ही एकाच मूलद्रव्याची रूपे असली तरी बाजाराने दोघांना अगदी निराळे नशीब दिले. या कोळशाच्या प्रदेशात ट्रामचे जे मोठे जाळे विणले गेले, त्याची उभारणी, भरभराट आणि अस्त ही कथा यंत्रांची आहे तितकीच जमाखर्चाचीही आहे.

शेजारच्या गावापर्यंत

बेल्जियम १८३० साली स्वतंत्र झाला आणि १८३५ साली ब्रुसेल्स ते मेखेलेन ही युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरील पहिली वाफेची प्रवासी रेल्वे तेथे धावली. पुढील चार-पाच दशकांत मुख्य रेल्वेने शहराला शहर जोडले. मधली खेडी, लहान खाणी, वीटभट्ट्या आणि साखर कारखाने मात्र बाजूलाच राहिले. माल स्थानकापर्यंत नेण्याचा बैलगाडीचा किंवा घोडागाडीचा खर्च कित्येकदा पुढच्या रेल्वेभाड्याहून जड जाई. ही उणीव भरून काढण्यासाठी १८८४ साली कायदा झाला आणि त्यातून एक राष्ट्रीय कंपनी जन्माला आली. तिच्या नावात ‘व्हिसिनाल’ हा फ्रेंच शब्द होता. त्याचे मूळ ‘शेजारी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. शेजारच्या गावाला शेजारच्या गावाशी जोडणारी रेल्वे, एवढाच त्या नावाचा साधा अर्थ. १८८५ साली समुद्रकाठच्या ओस्टेंड ते न्यूपोर्ट या मार्गाने तिचा आरंभ झाला.

खर्च वाचविण्याची दृष्टी प्रत्येक गोष्टीत होती. दोन रुळांतील अंतर बहुतेक ठिकाणी एक मीटरच ठेवले गेले. स्वतंत्र जमीन विकत घेण्याऐवजी शक्य तेथे सार्वजनिक रस्त्याच्या कडेनेच रूळ टाकण्यात आले. एकच मार्ग आणि ठराविक अंतरावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी दुहेरी रूळ, अशी रचना होती. अनेक थांब्यांना इमारत नव्हती. एखाद्या खाणावळीच्या दारातच तिकीट मिळे आणि तेथेच गाडीची वाट पाहिली जाई.

भांडवलाची युक्ती

या कंपनीची खरी करामत तिच्या भांडवल उभारणीत होती. प्रत्येक मार्गाचे भांडवल वेगळे आणि जमाखर्चही वेगळा. ज्या गावांतून मार्ग जाणार त्या ग्रामसंस्था, त्यांचा प्रांत आणि केंद्र सरकार हे त्या मार्गाचे मुख्य भागधारक. खासगी भागधारकांना जागा होती, परंतु सूत्रे सार्वजनिक हाती राहिली. लहान ग्रामसंस्थेजवळ एकरकमी पैसा कोठून असणार? म्हणून भागाची रक्कम ९० वार्षिक हप्त्यांत भरण्याची सोय करण्यात आली. दरवर्षीचा हप्ता इतका हलका की खेड्याच्या अंदाजपत्रकाला तो सहज झेपावा. मार्ग चांगला चालला तर मिळणाऱ्या लाभांशातूनच तो परस्पर भागावा, अशी अपेक्षा होती.

व्यवहार म्हणून ही योजना चोख होती. जोखीम वाटली गेली आणि लाभ ज्याचा, वाटा त्याचा, हे तत्त्व पाळले गेले. प्रत्येक मार्गाचे खाते स्वतंत्र असल्याने कोणता मार्ग कमावतो आणि कोणता गमावतो, हे झाकून ठेवता येत नव्हते. तथापि तिच्या पोटात एक गृहीतही दडलेले होते. १९०० साली टाकलेल्या मार्गाचा शेवटचा हप्ता १९९०च्या सुमारास येणार. तोवर त्या मार्गावर वाहून नेण्याजोगे काहीतरी असेलच, असे ते गृहीत होते.

काळा मुलूख

शार्लेरुआ, ला लूव्हियेर आणि मॉन्सजवळचा बोरिनाज हे सारे एनो प्रांतातील खाणपट्टे. शार्लेरुआच्या परिसराला लोक ‘काळा मुलूख’ म्हणत. सांब्र नदीच्या दोन्ही तीरांना कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने आणि पोलादाच्या झोतभट्ट्या दाटीवाटीने उभ्या होत्या. खाणीतून निघालेल्या दगडमातीचे शंकूसारखे डोंगर आजही त्या प्रदेशाच्या क्षितिजावर दिसतात. येथे एक गाव कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण. अशा सलग औद्योगिक वस्तीला मुख्य रेल्वेपेक्षा पावलोपावली थांबणारी ट्रामच अधिक सोयीची होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील मार्गांवर वाफेची जागा विजेने घेतली आणि एका खाणगावातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात असे दूरवर जाणारे जाळे तयार झाले.

खाणींच्या पाळ्यांप्रमाणे ट्रामचे वेळापत्रक ठरे. मुख्य रेल्वेवर कामगारांसाठी स्वस्त साप्ताहिक तिकिटांची प्रथा १८६९ पासून होती. ट्रामवरही कामगारांना सवलतीचे भाडे मिळे. त्याचा सामाजिक परिणाम मोठा झाला. मजुराला कारखान्याच्या सावलीतील कोंदट चाळीत राहण्याची सक्ती उरली नाही. आपल्या गावी, आपल्या घरी, भाजीपाल्याच्या लहानशा वाफ्यासह राहून तो रोज कामावर जाऊ लागला. चॉकलेट उद्योगातील प्रसिद्ध इंग्रज घराण्यातले सीबोम राउंट्री यांनी १९१० साली बेल्जियमची जमीन आणि तेथील श्रमिक यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वस्त वाहतुकीमुळे कामगार खेड्यात राहू शकतो, ही बाब त्यांना आपल्या देशाने शिकण्याजोगी वाटली.

प्रवाशांइतकाच मालही महत्त्वाचा होता. कोळसा, दगड, विटा, खत आणि हंगामात साखरेच्या बीटांनी भरलेल्या वाघिणी या रुळांवरून जात. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने अनेक मार्गांचे रूळ उखडून आपल्या कामासाठी नेले. युद्धानंतर जाळे पुन्हा उभे राहिले आणि वाढलेही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत देशभरातील या मार्गांची लांबी साडेचार हजार किलोमीटरहून अधिक होती. एवढ्याशा देशात खेड्यापाड्यांच्या ट्रामने मुख्य रेल्वेची बरोबरी केली होती.

कोळशाची शेवटची भरभराट

१९४५ नंतर देशाची पुनर्रचना कोळशावर अवलंबून होती आणि स्थानिक तरुण खाणीत उतरण्यास नाखूश होते. म्हणून १९४६ साली इटलीशी करार झाला. इटलीने ५०,००० कामगार पाठवावेत आणि बेल्जियमने त्या बदल्यात कोळसा द्यावा, असा त्याचा आशय होता. माणसांच्या मोबदल्यात कोळसा मोजणारा हा करार आजही तेथे कडवटपणे आठवला जातो. पन्नासच्या दशकात देशाचे वार्षिक कोळसा उत्पादन सुमारे ३ कोटी टन होते. वरवर पाहता धंदा तेजीत होता.

८ ऑगस्ट १९५६ रोजी शार्लेरुआजवळच्या मार्सिनेल येथील ब्वा द्यु काझिए खाणीत आग लागली. ९७५ मीटर खोलीवर एक वाघीण पाळण्यात नीट बसली नव्हती. पाळणा वर खेचला जाताच तिने विजेच्या तारा आणि तेलाची नळी तोडली. २६२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १३६ इटलीची आणि ९५ बेल्जियमची होती. खाणीच्या दाराशी बायकामुले दिवसेंदिवस उभी राहिली. या दुर्घटनेनंतर इटलीने आपले कामगार पाठविणे थांबविले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ साली, बाजाराने पाठ फिरविली. अमेरिकेचा कोळसा आणि खनिज तेल दोन्ही स्वस्त पडू लागले. एनोतील जुन्या, खोल आणि अरुंद थरांतून काढलेला कोळसा खाणीच्या तोंडाशीच महाग ठरे. १९५९ साली बोरिनाजमध्ये खाणी बंद करण्याविरुद्ध मोठा संप झाला, परंतु खाणी एकामागून एक मिटत गेल्या. बोरिनाजची शेवटची खाण १९७६ साली बंद झाली, तर शार्लेरुआजवळच्या फार्सिएन येथील, वालोनियातील अखेरची खाण १९८४ साली.

दोन खात्यांतील फरक

ट्रामच्या अस्ताचे कारण केवळ कोळसा नव्हे. पन्नासच्या दशकात कंपनीने स्वतःच ट्राम काढून बस आणण्याचा सपाटा लावला, आणि त्यामागे हिशेबाचा एक विचित्र पेच होता. बस ज्या रस्त्यावरून धावे त्याची डागडुजी सरकारच्या खात्यावर पडे. ट्राम ज्या रुळांवरून धावे त्यांची देखभाल ट्रामच्याच खात्यावर पडे. कागदावर बस स्वस्त दिसे, कारण तिचा निम्मा खर्च दुसऱ्याच वहीत लिहिला जात होता. त्यातच मालवाहतूक मालमोटारींकडे गेली आणि सुस्थितीतील कामगाराने स्वतःची मोटार घेतली. खेड्यांचे मार्ग प्रथम गेले. एनोतील विजेचे मार्ग काही काळ टिकले, कारण तेथे प्रवासी होते. मात्र खाणीच बंद झाल्यावर पहाटेच्या पाळीची गर्दी कोठून येणार?

याच काळात शार्लेरुआसाठी एक भव्य योजना आखली गेली. शहराभोवती एक वर्तुळमार्ग, त्याला जोडलेल्या आठ शाखा, एकूण सुमारे ५२ किलोमीटर आणि ६९ स्थानके. जुन्या ट्राममार्गांना भुयारांतून आणि उड्डाणपुलांवरून नेणारी ही ‘हलकी मेट्रो’ होती. पहिला टप्पा १९७६ साली सुरू झाला, म्हणजे बोरिनाजची अखेरची खाण बंद झाली त्याच वर्षी.

उद्योग ओसरत असताना एवढा पैसा आला कसा? बेल्जियमच्या उत्तरेस डच भाषकांचे फ्लँडर्स आणि दक्षिणेस फ्रेंच भाषकांचे वालोनिया आहे. एका भागात सार्वजनिक कामावर खर्च झाला की तोलाचा खर्च दुसऱ्या भागातही करायचा, अशी तेव्हा राजकीय रीत पडली होती. वॉफल हा तेथील खाद्यपदार्थ दोन बाजूंना सारखेच चौकोन असलेल्या साच्यात भाजतात. त्यावरून लोकांनी या रीतीला वॉफलच्या साच्याचे राजकारण असे नाव दिले. अशा वाटणीत प्रवासी किती मिळतील या प्रश्नाला दुय्यम स्थान मिळते. शातले गावाकडे जाणाऱ्या शाखेवर रूळ टाकले गेले आणि चार स्थानके पूर्ण सजली. सरकते जिने आणि सिग्नलही बसले. पण एकही प्रवासी गाडी सुरू झाली नाही. पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सार्वजनिक बांधकामांची जबाबदारी प्रदेशांकडे गेली आणि वालोनियाच्या तिजोरीला हा भार पेलेना. तयार स्थानके दशकानुदशके धूळ आणि चोरट्यांच्या हवाली झाली.

१९९१ साली जुनी राष्ट्रीय कंपनीच दोन प्रादेशिक संस्थांत विभागली गेली आणि तिचे नाव इतिहासजमा झाले. १९९३ साली शार्लेरुआ परिसराला ला लूव्हियेरशी जोडणारा लांब पल्ल्याचा मार्ग अँदर्ल्यूच्या पुढे बंद पडला. एका खाणपट्ट्यातून दुसऱ्या खाणपट्ट्यात ट्रामने जाण्याची परंपरा तेथे संपली. आता थुईं या गावी हौशी स्वयंसेवक जुने डबे जपतात आणि सुट्टीच्या दिवशी काही किलोमीटर चालवितात.

जे टिकले ते का टिकले

याच कंपनीचा सर्वांत पहिला मार्ग मात्र आजही जिवंत आहे. ओस्टेंडचा तो छोटा मार्ग वाढत वाढत डे पाने ते क्नोके असा ६७ किलोमीटरचा झाला. जगातील सर्वांत लांब ट्राममार्गांत त्याची गणना होते आणि उन्हाळ्यात तो गर्दीने ओसंडतो. कायदा तोच, मीटरभर अंतराचे रूळ तेच आणि भांडवलाची युक्तीही तीच. फरक होता तो ग्राहकात. समुद्रकाठी प्रत्येक पिढीत नवा प्रवासी येत राहिला. काळ्या मुलखात सारा डोलारा एकाच मालावर आणि त्या मालाच्या पाळ्यांवर उभा होता.

कर्ज देताना बँकेत एक प्राथमिक नियम शिकविला जातो: परतफेडीची मुदत मालमत्तेच्या उपयुक्त आयुष्याहून लांब असू नये. रूळ नव्वद वर्षे टिकतील की नाही हे अभियंता सांगू शकतो. त्या रुळांवर नव्वद वर्षे काय धावेल हे मात्र त्याच्या हातात नसते. एनोच्या ग्रामसंस्थांनी १९०० साली केलेला हिशेब चुकीचा नव्हता, कारण त्या वेळी समोर ग्राहक उभा होता. ज्या पिढीने १९८०च्या सुमारास शातलेची स्थानके बांधली तिला हे समाधान मिळत नाही. त्या वेळी प्रवासी रोडावताना दिसत होते आणि तरीही पैसा मिळतो आहे एवढ्याच कारणाने बांधकाम झाले. व्यापारी घरांतही गोदाम, दुकान किंवा यंत्र घेताना हा फरक वेळोवेळी तपासावा लागतो: मागणी आहे म्हणून खर्च होतो आहे की कर्ज मंजूर झाले आहे म्हणून?

शातलेच्या शाखेची कथा अजून संपलेली नाही. अलीकडच्या वर्षांत युरोपीय संघाच्या निधीच्या आधाराने ही शाखा दुरुस्त करून त्या बाजूच्या नव्या मोठ्या रुग्णालयाला जोडण्याचे काम हाती घेण्यात आले. रुग्णालयात रोज माणसे येणार, कामावर आणि उपचारासाठी. चाळीस वर्षांपूर्वी रूळ होते, वीज होती आणि स्थानकेही होती. फक्त कोणाला कोठे जायचे आहे याचे उत्तर नव्हते, आणि ते आता मिळाले आहे.