धूर, राख आणि रक्ताची परीक्षा

कारंज्याहून एका वाचक भगिनीचें पत्र आलें आहे. २०२० सालच्या करोनाच्या साथींत त्यांच्या धाकट्या जावेच्या कचेरींत सर्वांचें रक्त तपासण्यांत आलें, व तिच्या कागदावर 'आय. जी. जी. पॉझिटिव्ह' असा शेरा पडला. अंगांत ताप नाहीं, खोकला नाहीं. तरी घरांतील वडील मंडळींनीं तिचें ताट पंधरा दिवस वेगळें मांडलें. साथ ओसरली, पण त्या पंधरा दिवसांचें शल्य तिच्या मनांतून अद्याप गेलेलें नाहीं. तो कागद खरोखर काय सांगत होता, असें त्या विचारतात. प्रश्न एकाच घरचा नसल्यामुळें त्याचें उत्तर आम्ही येथेंच देतों.

रोगजंतु शरीरांत शिरला म्हणजे त्यास नेमका ओळखून चिकटणारा एक पदार्थ रक्तांत उत्पन्न होतो. त्यास प्रतिपिंड म्हणतात. तें डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून त्यास कांहीं खूण लावावी लागते. हार्वर्ड विद्यापीठांतील अल्बर्ट कून्स यांनीं १९४१ सालीं प्रतिपिंडास चकाकणारा रंग जोडून तें सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविलें. परंतु प्रत्येक रोगाचें प्रतिपिंड निराळें रंगवीत बसणें फार कष्टाचें. तेव्हां १९५४ सालीं वेलर व कून्स यांनीं दुसरी युक्ति योजिली: पहिलें प्रतिपिंड कोरेंच ठेवावें, आणि त्यास ओळखणारें दुसरें प्रतिपिंड खूण लावून त्यावर सोडावें. हें दुसरें मिळतें कसें? मनुष्याचें प्रतिपिंड शेळीस टोचलें, कीं शेळीचें शरीर त्यास परकें समजून त्याविरुद्ध स्वतःचीं प्रतिपिंडें तयार करितें. अशी खुणेची एकच कुपी अनेक रोगांच्या परीक्षेस चालते. शिवाय एका पहिल्यावर अनेक दुसरीं बसत असल्यामुळें खूणही ठळक उमटते.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें मे २०२० मध्यें 'कवच' नांवाची जी परीक्षा सिद्ध केली, ती याच तत्त्वावर. लहान लहान खळग्यांच्या ताटलींत निर्जीव केलेला विषाणु आधींच चिकटविलेला असतो. त्यांत मनुष्याचें रक्तजल घालावयाचें, थांबावयाचें, धुवावयाचें. मग खूण लावलेलें दुसरें प्रतिपिंड घालावयाचें आणि पुनः धुवावयाचें. येथें खूण म्हणजे रंग नव्हे, तर मोहरीच्या कुळांतील एका विलायती झाडाच्या मुळांतून काढलेलें विकर. शेवटीं घातलेल्या द्रवास तें निळा रंग आणितें, व आम्लाचा थेंब पडतांच तो पिवळा होतो. एका वेळीं नव्वद नमुन्यांची परीक्षा सुमारें अडीच तासांत होत असे.

आतां खरा मुद्दा. पर्वतावर धूर दिसला म्हणून तेथें अग्नि आहे, हें अनुमान संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतें. खळग्यांतील रंग हा असाच धूर होय. पण दुसरें प्रतिपिंड धुतल्यावरही कोठें उगाच चिकटून राहिलें, तर दिसतें तें धुकें, धूर नव्हे. म्हणून नैयायिकांनीं सपक्ष व विपक्ष सांगितले: स्वयंपाकघरांत अग्नि आहे तेथें धूर आहे, डोहांत अग्नि नाहीं तेथें धूरही नाहीं. प्रयोगशाळेचा नियमही हाच. प्रत्येक ताटलींत प्रतिपिंड असलेलें एक रक्तजल व नसलेलें एक ठेवितात. ऊतींच्या पातळ कापांवर संशोधन करणारे एका कापावर पहिलें प्रतिपिंड न घालतां केवळ दुसरेंच घालतात. तो कापही चमकला, तर इतर कापांच्या चमकेवर विश्वास ठेवीत नाहींत. डोहावर धूर दिसूं लागला, तर दोष पाहणाऱ्याच्या साधनाचा!

इतकें जपूनही चूक उरतेच. समजा, शंभर निरोगी माणसांत दोघांस चुकून रंग येतो. हजारांत खरे बाधित सातच असतील, तर खोटे रंग सुमारें वीस होतील, म्हणजे खऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट. मे-जून २०२० मध्यें देशांतील ७० जिल्ह्यांतून २८,००० प्रौढांचें रक्त तपासलें, तेव्हां संशोधकांनीं 'कवचा'वर रंग आलेले नमुने दुसऱ्या परीक्षेनें पुनः पारखले. निष्कर्ष निघाला शेंकडा ०.७३. त्या यादींत आमचा वाशीम जिल्हा नव्हता. परभणी व नांदेड होते.

आतां भगिनींच्या प्रश्नाकडे वळूं. रंग खरा होता असें धरलें, तरी आय. जी. जी. हें प्रतिपिंड बहुधा लागण झाल्यावर दोनेक आठवड्यांनीं ठळक दिसतें व पुढें कित्येक महिने राहतें. म्हणजे तें धूर नसून राख आहे. चुलींत राख दिसली, तर चूल कधीं तरी पेटली होती इतकेंच ठरतें. आतां पेटलेली आहे कीं नाहीं, हें राखेवरून कळत नाहीं. तें पाहण्यासाठीं नाकांतील व घशांतील स्रावाची परीक्षा निराळी होती. ती न करितां केवळ या कागदावरून ताट वेगळें मांडण्यास आधार नव्हता.

यापुढें असा कागद घरीं आला, तर वैद्यांस दोन गोष्टी अवश्य विचाराव्या: हें प्रतिपिंड नव्या लागणीचें कीं जुन्या, आणि दुसऱ्या परीक्षेनें तें पारखलें आहे काय? एच. आय. व्ही. सारख्या गंभीर रोगाचें निदान तर एकाच परीक्षेवरून कधींही कायम करीत नाहींत. वडील मंडळींनीं त्या वेळीं जें केलें तें भीतीपोटीं केलें. द्वेष त्यांत नसावा. तेव्हां आतां त्यांनींच त्या सुनेस जवळ बोलावून, "मुली, तुझा दोष नव्हता," एवढें सांगावें. तें ऐकण्याचा तिचा हक्क आहे.