प्रयोगशाळेतील माणसांची बातमी

विद्यापीठांच्या प्रयोगशाळा आपली वार्तापत्रे प्रसिद्ध करीत असतात. त्यांत नव्या संशोधनाची माहिती असते, यंत्रांची छायाचित्रे असतात आणि शेवटी कोठेतरी कर्मचाऱ्यांविषयीचे एक छोटेसे सदर असते. कोणी नवे तंत्रज्ञ रुजू झाले, कोणी दीर्घ सेवेनंतर निवृत्त झाले, कोणा विद्यार्थ्याला पदवी मिळाली, एवढाच त्यातील मजकूर. बहुतेक वाचक हे सदर ओलांडून पुढे जातात. मीही पूर्वी तसेच करीत असे. आता मात्र मी ते प्रथम वाचतो. असे का, ते सांगतो.

आमच्या महाविद्यालयात केशनलिकेतून वाहणाऱ्या पाण्यावरून त्याची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, मोजण्याचा प्रयोग असतो. वर्षानुवर्षे तो बिनबोभाट चालत आला होता. आमचे प्रयोगशाळा परिचर, ज्यांना सारे मामा म्हणत, ते निवृत्त झाले आणि पुढच्याच सत्रात प्रयोग बिघडला. पाच मुलांची पाच उत्तरे! आम्ही नळी बदलली, घड्याळ बदलले, मुलांना रागावूनही झाले. अखेर एका संध्याकाळी मी मामांच्या घरी गेलो. सारे ऐकून घेऊन ते म्हणाले, "सर, पाणी आदल्या दिवशी भरून ठेवता ना?"

आम्ही ठेवत नव्हतो. नळाच्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. गार पाणी खोलीत तापू लागले, की ती बारीक बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि नळीत अडकून बसते. शिवाय पाण्याचे तापमान एका अंशाने बदलले, तरी विष्यंदिता सुमारे दोन टक्क्यांनी बदलते. रात्रभर ठेवलेल्या पाण्यात हे दोन्ही दोष राहत नाहीत. ही कारणे मी वर्गात फळ्यावर लिहीत होतो. पाणी मात्र मामा भरीत होते. आणि ते केव्हा भरावे, हे आमच्या एकाही वहीत लिहिलेले नव्हते.

तुम्ही म्हणाल, ही तर एका लहानशा प्रयोगाची गोष्ट झाली. बरे, आता एका मोठ्या प्रयोगशाळेकडे वळू.

अमेरिकेतील यूटा राज्यात लोगन या गावी, लोगन नदीच्या काठी, यूटा स्टेट विद्यापीठाची जलसंशोधन प्रयोगशाळा आहे. ती १९६५ साली उभी राहिली. धरणे, सांडवे, कालवे यांच्या लहान प्रतिकृती करून त्यांतून पाणी सोडून पाहणे, हे तिचे एक प्रमुख काम. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल धरणाच्या सांडव्याला मोठे भगदाड पडले. सुमारे २३५ मीटर उंचीचे हे अमेरिकेतील सर्वांत उंच धरण. खालच्या भागातील सुमारे १,८८,००० लोकांना घरे सोडावी लागली. दुरुस्तीचा आराखडा तपासण्यासाठी या सांडव्याची १:५० प्रमाणातील प्रतिकृती त्याच वर्षी लोगनच्या प्रयोगशाळेत उभारण्यात आली.

येथे थोडे गणित करू. सांडव्यावरून पाणी गुरुत्वामुळे धावते आणि त्याचा वेग उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. म्हणून लांबी, रुंदी, उंची ५० पटींनी कमी केली, तर वेग ५० च्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे ७ पटींनी कमी होतो. प्रवाहाच्या छेदाचे क्षेत्रफळ २,५०० पटींनी कमी होते. वेग आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार म्हणजे विसर्ग. तो सुमारे १७,७०० पटींनी कमी होतो. संकटाच्या काळात ओरोव्हिलच्या सांडव्यावरून सेकंदाला सुमारे २,८०० घनमीटर पाणी सोडावे लागले होते. प्रतिकृतीत त्यासाठी सेकंदाला १६० लिटर पाणी पुरते.

हे झाले कागदावरचे गणित. आता याच प्रमाणाकडे कारागिराच्या नजरेने पाहा. अशा प्रतिकृती लाकूड, पोलादी पत्रा, पारदर्शक प्लॅस्टिक यांच्या बनवतात. त्यात कोणाच्या हातून २ मिलिमीटरची चूक झाली, तर ती प्रत्यक्षातील १० सेंटिमीटरच्या चुकीएवढी ठरते! संशोधकाचे सूत्र कितीही अचूक असले, तरी सुतार, जोडारी, पाणी सोडणारा तंत्रज्ञ आणि रात्री जागून नोंदी करणारा विद्यार्थी यांच्या हातांपेक्षा त्याचे उत्तर अधिक अचूक असू शकत नाही. आज अशा प्रवाहांची गणिते संगणकावरही होतात. पण त्या गणिताचा ताळाही अखेर मोजलेल्या पाण्याशीच जुळवून पाहावा लागतो.

ओरोव्हिलची गोष्ट येथेच संपत नाही. अपघाताची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञ समितीने जानेवारी २०१८ मध्ये आपला अहवाल दिला. सांडव्याच्या काँक्रीटला त्याखालील निचऱ्याच्या नळांच्या रेषेवर तडे गेले होते आणि नळांतून फार पाणी येत होते. हे बांधकामानंतर लगेच, १९६० च्या दशकातच दिसले होते. सुरुवातीला ते वेगळे वाटले. पुढे 'हे असेच असते' असे ठरून गेले. माणसे बदलत गेली, डागडुजी होत राहिली, आणि मूळ प्रश्न कोणी पुन्हा विचारला नाही. दोष कोणा एका व्यक्तीचा नाही, तर दीर्घकाळ चाललेल्या व्यवस्थेचा आहे, असे समितीने म्हटले. मामांच्या बाबतीत एक उपयुक्त माहिती त्यांच्याबरोबर निघून गेली. ओरोव्हिलला एक शंका नाहीशी झाली. दोन्हींचे मूळ एकच.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की प्रयोगशाळेची खरी मालमत्ता कपाटातील उपकरणांइतकीच ती हाताळणाऱ्या माणसांत असते. उपकरणांची नोंदवही आपण दरवर्षी तपासतो. माणसांजवळच्या ज्ञानाची नोंद मात्र कोणी ठेवीत नाही. परिचराची जागा रिकामी राहिली, की पगार वाचला असे आपण समजतो. त्या रिकाम्या जागेची किंमत पुढची कित्येक वर्षे मुलांना चुकीच्या उत्तरांनी चुकवावी लागते, हे कोणी पाहत नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे, की प्रयोगशाळेत एक साधी वही ठेवावी. कोणते उपकरण केव्हा अडते, कोणता प्रयोग पावसाळ्यात बिघडतो, हे तीत परिचरांनीही लिहावे आणि विद्यार्थ्यांनीही. एखादी गोष्ट वेगळी दिसली आणि तिचे कारण कळले नाही, तर तीही लिहावी. 'असेच असते' एवढे म्हणून सोडू नये.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही एवढे करा. उद्या प्रयोगाच्या तासाला तुमच्या शाळेतील परिचरांना विचारा, "मामा, हा प्रयोग नीट यावा म्हणून तुम्ही आमच्या आधी येऊन काय करता?" जे उत्तर मिळेल, ते तारीख घालून वहीत उतरवून घ्या. ते निवृत्त होतील तेव्हा समारंभ होईल, शाल आणि श्रीफळ दिले जाईल. पण त्याआधी त्यांच्याकडून काही शिकून घेतले असेल, तरच तो सत्कार खरा.