काळ्या आईची अर्धवट तपासणी

शासनाने 2015 पासून शेतकऱ्याच्या हाती जमिनीची आरोग्यपत्रिका दिली. योजना स्तुत्य होती. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब असे बारा घटक तीत मोजले जातात. मात्र शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा यांसाठी त्या पत्रिकेत रकानाच नाही. जमिनीची भूक मोजणारी ही तपासणी तिच्या पोटात गेलेल्या विषाची विचारपूसही करीत नाही. घुग्घुससारख्या गावी हा प्रकार अक्षम्य आहे.

वर्धा नदीकाठच्या या गावाभोवती कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचा कारखाना आहे, स्पंज आयर्नचा प्रकल्प आहे आणि त्यांच्या शेजारीच शेती आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या मूल्यमापनात चंद्रपूर औद्योगिक परिसराला 83.88 गुण मिळून तो देशात चौथा ठरला. घुग्घुस त्याच परिसरात मोडते. सत्तरच्या वर गेलेला परिसर अतिप्रदूषित मानला जातो. जानेवारी 2010 मध्ये नव्या प्रकल्पांना स्थगिती मिळाली. तरीही 2018 च्या मूल्यमापनात आकडा सत्तरच्या खाली आला नाही.

कोळसा जळतो, त्यातील धातू जळत नाहीत. ते राखेत उरतात, धुळीबरोबर शिवारात उतरतात, नाल्याच्या पाण्यातून वाफ्यात शिरतात. काळी चिकण जमीन धातू धरून ठेवते, म्हणून पीक सुरक्षित आहे, असा एक युक्तिवाद केला जातो. पण धरून ठेवणे म्हणजेच साठवणे नव्हे काय? आणि पालकासारख्या पालेभाज्या कॅडमियम सहज शोषतात, त्याचे काय?

जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या खाणीतून कॅडमियम वाहत आले. त्याच पाण्यावर भात पिकला आणि तो खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ झाली. तेथील शासनाने 1968 मध्ये हा आजार प्रदूषणजन्य असल्याचे मान्य केले. भातखाचरांची माती शुद्ध करण्याचे काम मात्र 2012 मध्ये संपले. विलंबाची किंमत पिढ्यांनी मोजली.

तपासणी झाली तर मालाचा भाव पडेल, ही शेतकऱ्याची भीती खरी आहे. परंतु त्याचा भार त्याने का सोसावा? राजस्थानातील बिछडी गावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितले की, जो प्रदूषण करतो त्यानेच भरपाई करावी. खनिजांच्या उत्पन्नातून उभा राहिलेला जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधीही आहे आणि पर्यावरण व आरोग्य हे त्याचे अग्रक्रमाचे विषय आहेत. त्यातून घुग्घुस परिसरातील माती, सिंचनाचे पाणी आणि पीक या तिन्हींची धातूतपासणी व्हावी, निष्कर्ष गटनिहाय जाहीर व्हावेत आणि जेथे दोष आढळेल तेथे भरपाई मिळावी.

ज्या भूमीला माता म्हणायचे, तिच्या पोटातला कोळसा टनावारी मोजायचा आणि तिच्या अंगावर साचलेले विष मोजायला कोणी नाही, ही कसली मातृभक्ती?